सहा ठिपक्यांची मराठी

मराठवाड्यात आणि सीमेपलीकडच्या मराठी गावांत जुन्या घराच्या माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असतेच. तिच्यात निजाम काळातले कागद असतात. काही मोडीतले, काही उर्दूतले. कागद आपला, जमीन आपली, त्यावरचे नाव आपल्या आजोबांचे. पण तो वाचायला माणूस शोधावा लागतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्या माणसांची शासनालाही शोधाशोध करावी लागली होती. हातात कागद आहे आणि तो आपल्याला वाचता येत नाही, ही अवस्था किती केविलवाणी असते, हे सीमाभागातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. वाचून दाखवणारा जे सांगेल ते खरे मानायचे, एवढेच आपल्या हाती उरते.

हीच अवस्था ज्यांच्या वाट्याला रोज आणि प्रत्येक कागदापुढे येते, अशी माणसे आपल्या गावागावांत आहेत. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद केली. त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टिदोष होता, आणि एकूण अपंगांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक खेड्यांत राहणारे होते. आज शासनाने त्यांच्यासाठी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला आहे. शब्द बदलला, तो चांगला की वाईट या वादात आम्ही आज शिरत नाही. या माणसांना आपल्या भाषेतले पुस्तक वाचायला मिळते का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

भाषा विशेषांकाच्या अग्रलेखात अंध-अपंगांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. सीमाप्रश्न, मराठी शाळा, मराठीतून परिपत्रके, दुकानांच्या पाट्या हे आमचे नेहमीचे विषय आहेत आणि ते आम्ही सोडलेले नाहीत. परंतु आमचे म्हणणे असे, की हा विषयही भाषेचाच आहे. आपल्या भाषेतले पुस्तक कुठे तरी आहे, पण ते आपल्यापर्यंत येत नाही, ही सीमेवरच्या मराठी माणसाची तक्रार आहे. अंध वाचकाची तक्रार याहून वेगळी नाही. सार्वजनिक ग्रंथालयांविषयी युनेस्कोने जो जाहीरनामा १९९४ साली प्रसिद्ध केला, त्यात नेहमीच्या सेवेचा लाभ ज्यांना घेता येत नाही त्यांच्यासाठी खास सेवा द्यावी, असे बजावले आहे. आणि उदाहरणे देताना भाषिक अल्पसंख्याक आणि अपंग यांना एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसवले आहे. जगाने जे एका वाक्यात आणले, ते आपण दोन वेगळ्या खात्यांत का टाकावे?

आता हैदराबादकडे वळू. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या भागांतील माणसाला आणि पलीकडच्या भैंसा, मुधोळ, जुक्कल, औराद, बीदरच्या मराठी माणसाला मोठे शहर म्हटले की मुंबईच्या आधी हैदराबाद आठवते. डोळ्यांचे ऑपरेशन म्हटले की हैदराबाद, दुर्धर दुखणे म्हटले की हैदराबाद. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आपल्याकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकून राहिली आहेत. त्याच दवाखान्याच्या शेजारी, अफझलगंजात, मुसी नदीच्या काठी एक भव्य दगडी इमारत उभी आहे. तिच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ते राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजे पूर्वीचे आसफिया ग्रंथालय.

१८९१ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय १९३६ साली आजच्या वास्तूत आले. १९५५ च्या हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने त्याला राज्य ग्रंथालयाचा दर्जा मिळाला. त्या वेळी मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, हे ध्यानात घ्यावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन तुकडे झाले. मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा, जुक्कल ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून तिकडे गेली. किनवट आणि राजुरा इकडे आले. गावे वाटली गेली, दफ्तरे वाटली गेली, पण ग्रंथालय वाटता येत नाही. ते हैदराबादेतच राहिले. ज्या राज्याने ते सांभाळले त्यात आपले आजोबा-पणजोबा शेतसारा भरत होते. म्हणून त्या ग्रंथालयाच्या दारात मराठी माणूस याचक म्हणून उभा राहत नाही. तो जुन्या घरातला भागीदार आहे.

हैदराबादच्या मराठी माणसाने पुस्तकाचे मोल फार लवकर ओळखले होते. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले, सभाबंदीचे हुकूम होते, आणि त्या काळात शाळा व वाचनालये हीच जागृतीची ठिकाणे होती. १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा निघाली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी तिच्यासाठी झीज सोसली. १९२२ साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले आणि ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. परक्या राज्यकारभारात आपल्या भाषेचे पुस्तक वाचकाच्या हाती पडावे, एवढ्याच ध्यासाने ही माणसे झिजली. त्यांचा हा वारसा आपण सांगतो. मग ज्याच्या हाती पुस्तक पडूनही ते त्याला वाचता येत नाही, त्याचा विचार करणे हा त्या वारशाचाच पुढचा भाग नव्हे काय?

येथे एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू इच्छितो, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. अंधांची ब्रेल लिपी ही सहा उठावदार ठिपक्यांची. लुई ब्रेल या फ्रेंच माणसाने ती १८२९ साली प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या निरनिराळ्या मांडणीतून त्रेसष्ट चिन्हे तयार होतात. स्वातंत्र्यानंतर भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धतींचा गोंधळ मिटवून १९५१ मध्ये एकच ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली. तिचे तत्त्व साधे आहे: उच्चार एक, तर ठिपके एक. मराठीचा ‘क’, तेलुगूचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ डोळ्यांना तीन वेगळ्या आकृत्या दिसतात. बोटाला मात्र ते एकच अक्षर लागते. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी उर्दूसुद्धा ब्रेलमध्ये इतरांसारखीच डावीकडून उजवीकडे वाचली जाते. तेलुगू-कन्नडमधील ऱ्हस्व ए आणि ओ यांसारखे थोडे फरक आहेत, पण ते शिकायला फार दिवस लागत नाहीत.

याचा अर्थ सीमाभागासाठी काय होतो, तो पाहा. भैंशाकडचे एखादे मराठी घर डोळ्यासमोर आणा. घरात मराठी बोलतात, आजी मराठी ओव्या म्हणते. मुलगी जन्मांध आहे. आईबापांनी छातीवर दगड ठेवून तिला हैदराबादच्या अंध विद्यालयात घातले. तेथे ती तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमातून शिकली, ब्रेल वाचू लागली. सुटीत घरी आली की ती आजीशी मराठीत बोलते. पण तिने मराठीतले एकही पुस्तक वाचलेले नाही. डोळस मुलाला मराठी वाचायला देवनागरी नव्याने शिकावी लागते, शिक्षक लागतो, वर्ग लागतो, शाळेची तुकडी मंजूर व्हावी लागते. या मुलीला त्यातले जवळजवळ काहीच लागत नाही. जी अक्षरे तिला येतात तीच मराठीची अक्षरे आहेत, आणि भाषा तर ती घरूनच घेऊन आली आहे. तिच्याजवळ कमी आहे ते फक्त पुस्तक.

ही गोष्ट आम्हांला अत्यंत महत्त्वाची वाटते. मराठी शाळेची मागणी केली की पलीकडचे सरकार पटसंख्या विचारते, शिक्षकांची पदे नाहीत म्हणते, आणि मग घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडते. मराठी ब्रेल पुस्तकांच्या कपाटासाठी यातली कोणतीही सबब चालत नाही. अक्षरांवरून भांडणही नाही. ज्या सीमेवर पाट्यांच्या लिपीवरून दगड उचलले गेले, त्याच सीमेवर तीन भाषांना एकच लिपी गेली कित्येक दशके मुकाट्याने सामावून घेत आहे. मराठीने शतकानुशतके मोडीत व्यवहार केला, बाळबोधीत ग्रंथ लिहिले. ब्रेल ही आपल्या भाषेची तिसरी लिपी आहे, असे आपण एकदा मनाशी मान्य केले पाहिजे. संविधानाच्या एकोणतिसाव्या कलमाने नागरिकांच्या प्रत्येक गटाला आपली भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क दिला आहे. त्या ‘लिपी’ शब्दात हे सहा ठिपकेही येतात, असेच आम्ही समजतो.

मराठी ब्रेल साहित्य नाहीच, असेही नाही. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू झाले. मुंबईत ‘नॅब’सारख्या संस्थांनी ब्रेल आणि ध्वनिमुद्रित पुस्तकांचे काम अनेक वर्षे केले आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले, त्यात मराठीही आहे. म्हणजे आडात पाणी आहे; ते पोहऱ्यात येत नाही. तालुक्याच्या वाचनालयात विचारा, जिल्ह्याच्या ग्रंथालयात विचारा. सभासद होण्यासाठी कोणता अर्ज भरायचा, पुस्तक कोणत्या संस्थेमार्फत येते, हे सांगणारा माणूस भेटणे कठीण.

कायदा मात्र पूर्णपणे या वाचकाच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे कायद्याने सांगितले. ती पाच वर्षे जून २०२२ मध्ये संपली. सार्वजनिक इमारत म्हणजे केवळ सरकारी इमारत नव्हे. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही तिच्यात येते. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केले, की सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवून भागणार नाही. किमान काही नियम बंधनकारक असलेच पाहिजेत. ते करण्यास न्यायालयाने केंद्राला तीन महिने दिले. या निकालासाठी न्यायालयाने देशातील परिस्थितीचा जो अहवाल मागवला, तो तयार केला होता हैदराबादच्याच नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अभ्यास केंद्राने. ज्या शहरातून साऱ्या देशाला हा धडा मिळाला, त्या शहरातील ग्रंथालयांनी तो सर्वांत आधी गिरवावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

पैशाचे म्हणाल, तर तोही प्रश्न तितका बिकट नाही. तेलंगणात घरपट्टीच्या रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय कर आकारण्याची तरतूद आहे. कर्नाटकातही मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. पलीकडचा मराठी माणूस घरपट्टी भरताना हा पैसा भरतो, त्यात अंध मुलाचा बापही असतो. त्या पैशातून मराठीचे एक पान त्याच्या मुलाच्या बोटाखाली आले का, हे विचारण्याचा त्याला पुरेपूर अधिकार आहे. महाराष्ट्रात असा कर नाही. १९६७ च्या कायद्याने येथील सार्वजनिक ग्रंथालयांना शासन अनुदान देते. म्हणून आपल्या बाजूला हा प्रश्न शासनाला आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीला विचारावा लागेल.

यावरून आमच्या हैदराबादकडे तीन मागण्या आहेत. पहिली, राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने आणि जिल्हा ग्रंथालय संस्थांनी आपल्याकडे अपंग वाचकांसाठी कोणत्या सोयी आहेत याचा फलक दर्शनी भागी, तेलुगू-उर्दूबरोबर मराठीतही लावावा. दुसरी, मराठी ग्रंथांची सूची युनिकोडमध्ये तयार करावी. जुन्या फाँटमधला मजकूर किंवा पानांचे नुसते फोटो संगणकाला वाचून दाखवता येत नाहीत. डोळस माणसाला ते ठीक दिसतात, अंधासाठी मात्र ती कोरी पाने असतात. तिसरी, मराठी ब्रेल आणि ध्वनिमुद्रित पुस्तके बाहेरून मागवून सीमाभागातील वाचकाला टपालाने पाठवण्याची व्यवस्था करावी. अंधांसाठीच्या ब्रेल साहित्याला टपाल खर्च माफ असण्याची सवलत आपल्याकडे फार जुनी आहे. एका साध्या पुस्तकाचे ब्रेलमध्ये चार-पाच जाड खंड होतात. त्यामुळे या सवलतीचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

पण दुसऱ्याच्या दारात मागण्यांची यादी अडकवून आपण मोकळे होणार असू, तर तो शुद्ध दांभिकपणा होईल. आपल्या घरात काय चालले आहे? आपल्या गावोगावच्या वाचनालयांत किती ठिकाणी चाकाची खुर्ची आत जाते? ‘वाचनालय वरच्या मजल्यावर’ अशी पाटी जिन्यापाशी लावून आपण पांगळ्या वाचकाला रस्त्यावरूनच परत पाठवतो. वर्तमानपत्रे ज्या उतरत्या टेबलावर पसरलेली असतात, ते उभ्या माणसाच्या उंचीचे असते. मोतीबिंदूने अधू झालेला म्हातारा दोन दिवस येतो, अक्षर लागत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी येणे बंद करतो, आणि आपण म्हणतो, वाचक कमी झाले. कर्णबधिर मुलगा काउंटरवर खुणा करतो, तर त्याच्यापुढे एक कागद आणि पेन्सिल सरकवण्याचेही सुचत नाही. मतिमंद मुलांसाठी मोठ्या चित्रांची, सोप्या वाक्यांची पुस्तके कपाटात असतात, पण ‘फाडतील’ म्हणून कुलपात. यातली एकही गोष्ट दुरुस्त करायला दिल्लीचा निधी लागत नाही.

ऐकणे हेही वाचणेच आहे, हे तर आपल्या मातीला नव्याने शिकवायला नको. पारावर एकाने वर्तमानपत्र वाचावे आणि वीस जणांनी ऐकावे, मंदिरात एकाने पोथी लावावी आणि साऱ्या आळीने पारायण ऐकावे, अशीच आपली ग्रंथसंस्कृती वाढली. विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले. १९१५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवेपर्यंत त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. आपण त्याला चमत्कार म्हणून हात जोडतो. परंतु त्यांच्याजवळ बसून ग्रंथ वाचून दाखवणारी आणि त्यांचे बोल लिहून घेणारी माणसे होती, हे विसरतो. प्रत्येक अंध मूल महाराज होणार नाही. मात्र वाचून दाखवणारा माणूस प्रत्येकाला मिळवून देणे वाचनालयाला अशक्य नाही.

आणि यात कायद्याची भीतीही बाळगू नये. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने अपंग वाचकासाठी नफा न घेता पुस्तकाचे ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा अन्य सुगम रूप करण्यास मोकळीक दिली आहे. लेखक-प्रकाशकाच्या परवानगीवाचून हे करता येते. गावातल्या शिक्षकाने रोज अर्धा तास एखादी कादंबरी मोबाइलवर वाचून ठेवली, तर महिन्याभरात एका अंध वाचकाला ती पूर्ण मिळेल. युनिकोडमधला मराठी मजकूर वाचून दाखवण्याची सोय तर आता साध्या मोबाइलमध्येही असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत झाली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावोगाव पेढे वाटले गेले, आम्हीही त्या आनंदात सामील होतो. त्या आनंदाचा वाटा शेवटच्या घरापर्यंत पोचवायचा असेल, तर प्रत्येक वाचनालयाने या वर्षी एवढे करावे: गावातील अंध, अपंग आणि वयोवृद्ध वाचकांची यादी करावी; जो येऊ शकत नाही त्याच्या घरी आठवड्यातून एकदा पुस्तक पोचवावे; आठवड्यातला एक तास वाचून दाखवण्यासाठी राखावा; आणि दारात पायरी असेल तर उतार बांधावा. हैदराबादच्या मराठी संस्थांनी तेथील अंध विद्यालयांत जाऊन सीमाभागातील मराठी मुले कोण आहेत, हे विचारावे. त्यांची गाठ मराठी पुस्तकाशी घालून देण्याचे काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

आमचेही माप आम्ही याच तागडीत घालतो. आमच्या दैनिकाची अक्षरे बारीक असतात आणि ठिपक्यांत ते निघत नाही, हा दोष आम्हांला मान्य आहे. या विशेषांकातील सर्व मजकूर युनिकोडमध्ये, संगणक किंवा मोबाइल वाचून दाखवील अशा रूपात, मागेल त्या वाचनालयाला आम्ही विनामूल्य देऊ. हा अग्रलेख ज्याला स्वतः वाचता येत नाही, अशी एक तरी व्यक्ती आपल्या गल्लीत असेल. आज संध्याकाळी तिच्या ओसरीवर बसून तो मोठ्याने वाचावा, आणि आणखी काय ऐकायला आवडेल, हे तिलाच विचारावे. ती जे नाव सांगेल, ते उद्या वाचनालयाच्या मागणीवहीत लिहावे.